जित्या आबांची घागर

जळगावच्या आमच्या डाळ मिलमध्ये एकदा भुताचा पिक्चर निघाला होता. खरंच सांगते. नव्वद सालाच्या आगेमागे कधीतरी. त्यात हसायचंही होतं, घाबरायचंही होतं, आणि त्यातच मी एका जित्याजागत्या माणसाच्या नावाने घागर भरून बसले. आता ती कॅसेट पाहायला मागाल तर मिळायची नाही. तिला बुरशी लागली, मग ज्यांच्याकडे होती त्यांनी आतली पट्टी ओढून काढली आणि ज्वारीच्या शेतात पाखरं हाकलायला बांधली. वाऱ्यावर फरफर वाजायची म्हणे. चला, कुणीतरी घाबरलं आमच्या भुताला.

खान्देशातल्या बाईला घागर म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. पण हे दुसरीकडचेही लोक वाचतील, म्हणून सांगते. आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, पितर घरी जेवायला येतात. नव्या लाल घागरीत पाणी भरायचं, तिच्यावर लहान मडकं, त्यावर खरबूज, आंबा, दोन सांजोऱ्या. उंबऱ्यावर कुंकवाचं एकेक बोट उमटवायचं आणि दर बोटाला एकेका गेलेल्या माणसाचं नाव घ्यायचं. मग विस्तवावर तूप आणि घास टाकायचा, त्याला आगारी म्हणतात. घरोघरी हे काम पुरुषमाणूस करतो. आमच्या घरात सासरे अंथरुणाला खिळलेले, आणि आमचे हे ट्रकवर. रावेरला केळी भरली की गेले दिल्लीच्या रस्त्याला, ते सणाला घरी असतील याचा भरवसा नाही. म्हणून बारा-तेरा वर्षं मीच करत आले होते. हाताला आणि जिभेला इतकी सवय, की डोकं त्यात घालावंच लागत नसे. सगळा घोटाळा तिथेच झाला.

मी मिलमध्ये डाळ निवडायला होते. आम्ही चौदा-पंधरा बाया, सुपं घेऊन ओळीने बसायचो, तोंडं हातांपेक्षा जोरात चालायची. समोर वजनाचा मोठा काटा, आणि काट्यावर आबा. आबा म्हणजे आमचे तोलाईवाले. मूळचे नरडाण्याकडचे, पण उभा जन्म या काट्याजवळ गेलेला. पोतं बघूनच सांगायचे, हे दोन किलो कमी आहे म्हणून. दुपारी त्यांची बायको डबा घेऊन यायची. तिला सगळे अक्का म्हणायचे. बोलणं अस्सल गावाकडचं, आणि आम्हा सगळ्या बायांची ती जणू सासू. कुणाचा पदर घसरला, कुणी डाळ सांडली, अक्काच्या नजरेतून सुटायचं नाही. त्या दोघांना मूलबाळ नव्हतं. हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणीच बोलायचं नाही.

त्या वर्षी आबांना हर्निया झाला होता. पोती सावरून सावरून झाला असेल. धुळ्याच्या डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं, ऑपरेशन टाळू नका, आतडं कधी अडकेल सांगता येत नाही, आणि अडकलं तर जीव वाचायचा नाही. आखाजी झाली की चौथ्या दिवशीची तारीखही देऊन ठेवली होती.

पिक्चरचं खूळ आमच्या दिवाणजींचं. मिलमधलं सगळं लिहिणं-पुसणं ते बघायचे, आणि भाड्याने व्हिडिओ आणून भुताचे पिक्चर बघायचा त्यांना नाद होता. त्यांचा साडू लग्नाचं शूटिंग करायचा, खांद्यावरचा तो भला मोठा कॅमेरा घेऊन. लग्नसराईत त्याला उसंत नाही, पण शुक्रवारी लग्न नसलं की तो मोकळा, आणि शुक्रवारीच आमच्याकडे लाईटची सुट्टी, मिल बंद. शेठनी सांगितलं, "करा काय करायचं ते, फक्त मशीनला हात लावू नका."

एका दुपारी दिवाणजींनी आम्हाला गोष्ट सांगितली.

"एक काटेवाला असतो. तो मरतो. त्याला मूलबाळ नसतं, म्हणून आखाजीला त्याची घागर कुणी भरत नाही..."

एवढं बोलून त्यांची जीभ अडली, कारण आबा तिथेच पोत्याला टेकून बिडी ओढत होते. आम्ही सगळ्या सुपात बघायला लागलो.

आबांनी धूर सोडला. "मंग? पुढे बोल की. भूत होतो का तो?"

"हो आबा. भूत होऊन मिलमध्ये येतो आणि पोत्यांवर बसतो. मालक म्हणतो, क्विंटलाचं पोतं काट्यावर दीड क्विंटल कसं भरतंय?"

आबा खदखदून हसले. पोट धरून, कारण हसलं की दुखायचं त्यांना. "आन् भूत काट्यावर चढलं तर?"

"तर?"

"तर काटा हलायचाच नाही! भुताला वजन असतं का येड्या? भूत मीच होतो. बसायचंच काम आहे ना? मला दुसरं काय जमतं आता."

आमच्यातली एक खाला होती, तांबापुऱ्याकडून यायची, हिशेबी बाई. ती म्हणाली, "दिवाणजी, भूत आलं ते कळलं. जाणार कसं?"

"ते अजून सुचलं नाही. आधी आणू तर!"

रात्रीचं शूटिंग करायला दिवे कुठले? म्हणून दिवाणजींनी ठरवलं, आपलं भूत भर दुपारचं. आणि खरं सांगू, जळगावच्या एप्रिलमध्ये दुपारी बाराला रस्त्यावर कुत्रं दिसत नाही. आम्हाला काही ते खोटं वाटलं नाही. खिडक्यांना रिकामी पोती लावली. आबांच्या तोंडाला उडदाच्या डाळीचं पीठ फासलं, पांढरंफट्ट. घाम आला की त्या पिठाचे ओघळ व्हायचे आणि वाळले की पापड्या निघायच्या. त्या पापड्यांनीच भूत भयंकर दिसायला लागलं. काट्याला एक खिटी असते, ती लावली की तो हलत नाही. ती लावली, आबा वर चढले, आणि शेठ झालेले दिवाणजी काट्याकडे बघून डोळे फाडून ओरडले, "शून्य! शून्य!" खालाला फक्त किंकाळी होती. तिने ती अशी मारली की शेजारच्या ऑइल मिलचे चार गडी काठ्या घेऊन धावत आले. त्यांनाही मग गावकरी म्हणून उभं केलं.

आता माझा भाग. गोष्टीत असं, की एका निवडणाऱ्या बाईला भुताची दया येते आणि ती त्याची घागर भरते. दिवाणजी म्हणाले, "वैनी, तुम्हालाच येतं ते सगळं, तुम्हीच करा." भुताचं एक खोटं नाव त्यांनी काढलं होतं, ते माझ्याकडून तीनदा घोकून घेतलं. मी कुंभारवाड्यातून घागर आणली, घरून सांजोऱ्या केल्या. हसू नका, पण मला खोटी घागर भरायची म्हणजे कशी, हे कळतच नव्हतं. रिकामी ठेवली तर कशी दिसेल? विस्तव नसेल तर तूप कशावर टाकू? म्हणून मी सगळं खरंच केलं.

काट्याच्या खोलीच्या उंबऱ्याशी बसले. कॅमेरा सुरू झाला. मी कुंकवात बोट बुडवलं, उंबऱ्यावर टेकवलं, आणि नाव घेतलं. आबांचं. खरं नाव, त्यांच्या बापाच्या नावासकट, हजेरीच्या पुस्तकात रोज दिसायचं तसं. पुढे आगारी टाकली, हात जोडले, डोळे मिटले. समोर पोत्यांच्या थप्पीवर आबा भूत होऊन बसले होते. त्यांनी त्या वेळी काहीतरी घाबरवायचं करायचं होतं, ते केलं नाही. नुसते घागरीकडे बघत राहिले. मग तेही हात जोडून बसले.

"एक नंबर!" कॅमेरावाला म्हणाला. "एकदम खरं वाटलं."

आबांनी उतरून वरचं खरबूज फोडलं, आंब्यासकट एकट्याने संपवलं, आणि घरी गेले. घागर तिथेच राहिली. पितरांचं पाणी, ते ओतून टाकायचा धीर मला होईना. संध्याकाळी भाकरी थापताना अचानक उमगलं, आपल्या तोंडून कुठलं नाव गेलं ते. भाकरी तव्यावर जळाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का आली. डब्याची वेळ नव्हती आणि हातात डबाही नव्हता. कुणीतरी नळावर तिला सगळं सांगितलं होतं. ती थेट उंबऱ्याशी गेली, वाळलेलं कुंकवाचं बोट पाहिलं, आणि वळली.

"कोनी भरी मन्हा मानूसनी घागर?"

"मी, अक्का."

"तो जित्ता शे ना! जित्ता मानूसले कोनी पितरमा बसाडस का?"

दिवाणजी मध्ये पडले. "अक्का, ते नाटक होतं हो. पिक्चरचं."

"नाटक? कुकू नाटकनं व्हतं का? इस्तो नाटकना व्हता? आन् नाव कोन्हं लिधं? नाटकनं लिधं का?"

कुंकू खरं होतं, विस्तव खरा होता, नाव खरं होतं. अक्का माझ्याजवळ आली. मला वाटलं मारते. पण तिचा आवाज एकदम खाली गेला.

"आते मी त्यासले धुळे नही लई जावाव. तठे टेबलवर झोपाडतीन, पोट फाडतीन. घागर भरेल मानूस तठून परत येस का?"

म्हणजे ऑपरेशन बंद. आबांनी समजावलं, दिवाणजींनी समजावलं, दोंडाईच्याहून तिचा भाऊ आला त्यानेही समजावलं. अक्का ऐकेना. आणि आबांचं तर दुखणं वाढतच होतं. काट्याजवळ उभे असताना मध्येच पोटावर हात दाबून डोळे मिटून घ्यायचे. मी ते बघायचे आणि माझ्या हातातलं सूप थांबायचं. ऑपरेशन झालं नाही आणि आतडं अडकलं तर? ती घागर माझ्या हाताची. मला अन्न गोड लागेना. देवळातल्या महाराजांना विचारलं, तर ते हसले आणि म्हणाले, "असं काही नसतं, बाई." ते मी अक्काला सांगितलं. अक्का म्हणाली, "त्यासना जित्ता बापनी घागर भर मंग, बघ हासतस का." (मी ते महाराजांना जाऊन सांगितलं नाही.)

शेवटी सासऱ्यांना विचारलं. ते खाटेवर पडल्या पडल्या सगळं ऐकून होते. म्हणाले, "घागर कुणाची?"

"आबांची."

"मग त्यालाच पाज. भरलेली घागर उधळायची नसते, पण ज्याच्या नावाची त्याने पिऊन टाकली, त्याच्यावरचं सगळं खाऊन टाकलं, तर मेलेल्याला द्यायला राहिलं काय? थेंब उरू देऊ नको मात्र."

हे कुठल्या पोथीत आहे का, मला माहीत नाही. बहुतेक त्यांनी सुनेची दया येऊन त्याच वेळी काढलं असावं. पण अक्काला ते पटलं. ती म्हणाली, "एक थेंब नही उरना पाहिजे. आन् दुसरानी एक घोट पेवाले नही पाहिजे. मी सोता बसी राहसू समोर."

पुढच्या शुक्रवारी आम्ही सगळ्या पुन्हा बंद मिलमध्ये जमलो. आठ दिवसांच्या उन्हाने निम्म्याहून जास्त पाणी घागरीनेच पिऊन टाकलं होतं, पाझरून पाझरून. तरी तीन-चार तांबे उरलं होतं. आता आजारी माणसाला आठ दिवसांचं पाणी पाजायचं कसं? तेव्हा खालाने डोकं चालवलं. "पाणी प्यायलाच पाहिजे असं कुठे आहे? उकळून चहा करू. वरण करू. कणीक त्याच्यातच मळू. पोटात तर तेच जाईल ना?"

अक्का म्हणाली, "चाली. पन उकळानंतर वाफ व्हई जाई ती? ती कोन पेस?"

"आबांना चुलीशेजारीच बसवू," खाला म्हणाली. "वाफ पण त्यांच्याच नाकात."

आणि खरंच तसं केलं. एप्रिलच्या दुपारी, त्या पत्र्याच्या शेडमध्ये, तीन विटांच्या चुलीशेजारी आबा घामाघूम होऊन बसले आणि वाफेत तोंड धरून मोठमोठ्याने श्वास घेत राहिले. कॅमेरावाला दिवाणजींच्या सांगण्यावरून आला होता, त्याने आल्या आल्या बटण दाबलं. आम्ही त्याला थांबवायचं विसरलो. मी वरणाला तूरडाळ घातली, आमच्याच मिलची. अक्का आधी लांब पोत्यावर बसून पहारा देत होती. मग म्हणाली, "कनीक कोन मळी राहिनं? अशी मळतस का?" मग उठून माझ्या हातातली परात ओढून घेतली. मग मीठ शोधायला लागली. थोड्या वेळाने चूल तिच्या ताब्यात आणि आम्ही बाजूला.

आबा जेवायला बसले. चार पोळ्या, पातेलंभर वरण, वाळून दगड झालेल्या दोन सांजोऱ्या चहात बुडवून. मी म्हटलं, "आबा, पोटाला जड होईल. सावकाश." मग राहवलं नाही. "माझ्यामुळे हे सगळं. माझी चूक झाली."

आबांनी घास चावून संपवला. "चूक कशाची? मी वर बसून बघत होतो तुला. मेल्यावर आमची घागर कोण भरणार, हे मी आजवर कुणाला विचारलं नाही. हिलाही नाही. मग म्हटलं, जितेपणीच बघून घेऊ कशी भरतात. छान भरलीस."

चुलीशी पोळी फिरवणारा अक्काचा हात थांबला. तिने आबांकडे बघितलं नाही, आमच्याकडे तर नाहीच. पोळी करपायला लागली तशी तिने ती उलटली आणि नुसती बोलली, "ते मंग देखसूत. आते नही."

मग तिने घागर उपडी केली. एक थेंब आला, तो आबांच्या तळहातावर घेतला, त्यांना चाटायला लावला. घागर चुलीजवळ तापवून कोरडी केली. आणि आबांच्या दंडाला धरलं.

"जेवनात ना पोटभर? चाला आते घर. काय बसनात आठे भूतनागत!"

आबा उठले. उडदाचं पीठ नाही, काही नाही, साधे घामेजलेले आबा, आणि त्यांना ओढत नेणारी अक्का, मिलच्या मोठ्या फाटकातून उन्हात जाताना. कॅमेरावाल्याने ते शेवटपर्यंत घेतलं. दिवाणजी उड्या मारायला लागले. "मिळाला! शेवट मिळाला! भूत जातं कसं? बायको घेऊन जाते!"

आखाजीच्या दुपारी दिवाणजींच्या घरी तो पिक्चर लावला. कॅसेट लग्नातली उरलेली होती, त्यामुळे आधी कुणा अनोळखी मुलीची पाठवणी चालली होती, रडारड, गळ्यात पडणं, आणि एकदम मध्येच खालाची किंकाळी. अर्ध्या लोकांना वाटलं नवरी ओरडली. आवाज कुठे होता, कुठे नव्हता. माझी घागर आली तेव्हा अक्काने पदर डोळ्यांवर ओढून घेतला आणि शेवट आला तेव्हा काढला. स्वतःला फाटकातून जाताना बघून म्हणाली, "मी इतली जाड शे?"

चौथ्या दिवशी मी सकाळच्या एसटीने त्यांच्याबरोबर धुळ्याला गेले. न्यायचं ठरलं होतं, तरी अक्काने गाडीत माझा हात सोडला नाही. दवाखान्यात सिस्टरनी फॉर्म काढला. सोबत कोण, नातं काय, सही कोण करणार. अक्काचा अंगठा झाला. मग सिस्टरनी माझ्याकडे बोट केलं. "या कोण त्यांच्या?"

मी सांगणार होते, मिलमधली म्हणून. अक्का आधी बोलली. "हाई ह्यासनी घागर भरनारी शे."

सिस्टर आमच्याकडचीच असावी. तिने पेन उचलून माझ्याकडे बघितलं, जरा गोंधळली. "मावशी, पण लिहू काय?"

"तुले काय लिखनं ते लिख."

तिने लिहिलं, मुलगी. आणि ती पुढच्या रकान्याकडे गेली.

दोन तास आम्ही व्हरांड्यात बसलो. अक्का काही मागत नव्हती, काही खात नव्हती. तोंडाने नुसतं पुटपुटत होती, आणि तिचं पुटपुटणं थांबलं की मला भीती वाटायची. डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, "झालं, ठीक आहे, अगदी वेळेवर आणलंत." अक्का त्यांच्या पाया पडायला वाकली, त्यांनी तिला वरच्या वर धरलं.

आबांना दुपारून नीट शुद्ध आली. ओठ कोरडे पडले होते. त्यांनी आधी अक्काला शोधलं, मग मला, आणि बारीक आवाजात म्हणाले, "पाणी."

"संध्याकाळपर्यंत नाही द्यायचं," सिस्टर म्हणाली.

"एक घोट."

अक्का त्यांच्या उशाशी वाकली. तिने त्यांच्या कपाळावरून हात फिरवला, एकदा, दोनदा, मग पदराने स्वतःचं नाक पुसलं.

"गप पडी ऱ्हावा," ती म्हणाली. "भुतं कोठे पानी मांगतस!"